‘कोण सांगतो?’ : आठवी-नववीच्या मुलांना शोध घ्यायला कसं शिकवायचं

चवथीची, म्हणजे गणेशोत्सवाची, सुट्टी संपली की आमच्या लायब्ररीच्या टेबलावर चार्टपेपरच्या गुंडाळ्या जमायला लागतात. ‘गोव्यातील नद्या’, ‘गोवा मुक्तिसंग्राम’, ‘गोव्याची लोककला’. अक्षर वळणदार, कडेला सोनेरी टिकल्या. मी एकेकाला जवळ बोलावते, कुठल्याही एका वाक्यावर बोट ठेवते आणि विचारते, “हे तुला कुणी सांगितलं?” उत्तर ठरलेलं असतं. “टीचर, गूगलार मेळ्ळें.” गूगलवर मिळालं.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. लायब्ररी म्हणजे पूर्वीची स्टाफरूम. सहा लोखंडी कपाटं आणि दोन कॉम्प्युटर, त्यातला एक पावसाळ्यात चालू व्हायला कुरकुरतो. प्रत्येक वर्गाला आठवड्याचा एक तास. एवढ्याच भांडवलावर गेली काही वर्षं मी मुलांना शोध घ्यायला शिकवते आहे. त्यात काय जमलं, काय फसलं ते इतर शिक्षकांसाठी लिहिते. ज्यांच्या शाळेत लायब्ररीही नाही, त्यांनाही यातलं बरंचसं करता येईल.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करू नका. मी पहिली दोन वर्षं तीच चूक केली. मुलांना कॉम्प्युटरवर बसवलं आणि ‘शोधा’ म्हटलं. त्यांनी शोधलं, पहिल्या लिंकवरचं उतरवून घेतलं आणि दहा मिनिटांत ‘झालं टीचर’ म्हणत उठली. आता पहिले दोन तास कॉम्प्युटर बंद असतो. त्या दोन तासांत फक्त प्रश्न तयार करायचा.

विषय मोठा घेतला की प्रोजेक्ट मोठा होतो, अशी मुलांची समजूत असते, आणि त्यांच्या आईबाबांची तर असतेच. एकाने ‘माटोळी’ असा विषय आणला, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांनी सजवलेली चौकट. मी म्हटलं, “माटोळीबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय?” “माटोळीचं महत्त्व.” इथे मी एक कसोटी लावते: याचं उत्तर चूक निघू शकतं का? ‘माटोळीचं महत्त्व’ या मथळ्याखाली काहीही लिहिलं तरी चालतं, म्हणून तो प्रश्नच नाही. मग त्याला एकेक काट मारायला लावली. कुठली माटोळी? गावातली. गावात कुणाकडची? वाड्यावरच्या पाच घरांतली. माटोळीतलं काय? शेवटी वहीवर उतरलं ते असं: ‘आमच्या वाड्यावरच्या पाच घरांत माटोळीला बांधलेल्या वस्तूंपैकी कोणत्या रानातून आणल्या आणि कोणत्या बाजारातून?’ याचं उत्तर चूक निघू शकतं. ते मोजता येतं, त्यासाठी पाच घरी जाऊन विचारावं लागतं आणि ते कुठल्याही साइटवर तयार मिळत नाही. कवंडळाचं फळ अजून रानातून येतं, तोरंजनाचं मात्र म्हापशाच्या बाजारातून, असं त्याला आढळलं तेव्हा तो स्वतःच चकित झाला.

दुसरी पायरी शब्दांची, आणि इथे आपली मुलं नशीबवान आहेत. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोकणी. या खिचडीबद्दल आपण कायम हळहळत असतो. शोधताना मात्र हीच मोठी पुंजी ठरते. मी वर्गात ‘भिरंड’ घेते. भिरंड टाकून शोधलं की थोडंसं मिळतं. कोकम म्हटलं की सोलकढीच्या पाककृतींचा पूर येतो. पलीकडच्या सिंधुदुर्गातला शब्द रातांबा, त्यावर आणखी वेगळं मिळतं. आणि ‘गार्सिनिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं की शोधनिबंध आणि लागवडीची माहिती दिसू लागते. फळ एकच, पण प्रत्येक नावामागे बोलणारी माणसं वेगळी. मुलांना हे फळ्यावर सांगू नका. चौघांना चार शब्द वाटून द्या आणि काय मिळालं ते एकमेकांना सांगू द्या.

गावांच्या नावांचंही तसंच. आपण डिचोली म्हणतो, पण कागदावरचं इंग्रजी स्पेलिंग ‘बी’पासून सुरू होतं. साखळीचं सांकेलिम होतं, केप्याचं क्वेपेम. पोर्तुगीज काळातल्या कागदांत पणजी शोधणाऱ्या मुलाला ‘नोव्हा गोवा’ हे नाव ठाऊक नसेल, तर १८४३ नंतरचं बरंच काही त्याच्या हातून निसटेल. म्हणून प्रत्येकाच्या वहीत सुरुवातीलाच शब्दांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते: माझ्या विषयाची सगळी नावं, सगळ्या भाषांत, जुनी आणि नवी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वही. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिला ‘काय’, दुसरा ‘कोण सांगतो’, तिसरा ‘त्याला कसं कळलं’. पहिला रकाना सगळेच भरतात. दुसऱ्यात ‘गूगल’ लिहिलं तर मी पान परत देते. गूगल काही सांगत नाही, तो कोणाच्या तरी दाराशी नेऊन सोडतो. त्या दारावरची पाटी वाचून लिहायची. खरा घाम फुटतो तो तिसऱ्या रकान्यात.

नववीच्या एका वर्गात सहा जणांनी गोव्याची लोकसंख्या ‘२०२१च्या जनगणनेनुसार’ म्हणून लिहून आणली. आकडेही वेगवेगळे. मी विचारलं, “त्या साइटला हे कसं कळलं?” “मोजलं असणार.” “कुणी मोजलं? तुमच्या घरी कोणी आलं होतं?” वर्गात शांतता. २०२१ची जनगणना झालीच नाही, कोविडमुळे ती पुढे गेली, हे त्यांना तेव्हा कळलं. झालेल्या जनगणनेचा आकडा २०११चा : १४,५८,५४५. बाकीचे सगळे कोणीतरी बांधलेले अंदाज, आणि अंदाजावर जनगणनेचा शिक्का मारलेला. अंदाज वाईट नसतो. त्याला अंदाज म्हणा, एवढंच.

दूधसागरच्या उंचीची गंमत आणखी वेगळी. कुठे ३१० मीटर लिहिलेलं सापडतं, कुठे ६०३. एका हुशार मुलाने दोन्हीची सरासरी काढून साडेचारशे मीटरच्या वरचा एक आकडा ठोकून दिला. गणितात पैकीच्या पैकी, पण तेवढी उंची कुठल्याच माणसाने सांगितलेली नव्हती! अशा वेळी मुलांना मधला मार्ग काढू देऊ नका. दोन्ही आकडे लिहायचे, प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचं नाव, आणि मग कोण कोणाचं पाहून लिहितोय ते हुडकायचं. दहा साइटवर तेच वाक्य आणि चुकीचा स्वल्पविरामही त्याच जागी असेल, तर साक्षीदार दहा नव्हेत, एकच.

साइट विश्वासाची आहे की नाही हे ओळखायला मुलांना पूर्वी मी लांबलचक यादी द्यायचे : तारीख पाहा, लेखक पाहा, शुद्धलेखन पाहा. ती यादी आता फेकून दिली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यांनी इतिहासकार, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे लोक अशा तीन गटांना अनोळखी साइटी तपासायला दिल्या होत्या. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरून खाली वाचत बसले आणि सुबक दिसणाऱ्या साइटीला फसले. तपासनीस मात्र ते पान सोडून लगेच दुसऱ्या खिडकीत गेले आणि या साइटीबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहू लागले. मी मुलांना याला ‘आडवं वाचन’ म्हणते. नवा माणूस गावात राहायला आला तर आपण त्यालाच त्याच्याबद्दल विचारतो का? तिठ्यावरच्या दुकानात विचारतो. तसंच.

विकिपीडियाला बंदी घालू नका, मुलं चोरून बघतीलच. फक्त वाचायची दिशा बदला. लेखाच्या तळाशी जा, तिथल्या तळटिपांतून मूळ जागी पोचा आणि वहीत त्या मूळ जागेचं नाव लिहा. छापील पुस्तकांनाही हीच शिस्त हवी. कपाटातल्या एका जाडजूड कोशात गोवा हा केंद्रशासित प्रदेश असल्याचं वाचून एक मुलगी कोश चुकीचा आहे म्हणून धावत आली. मी तिला छपाईचं साल पाहायला लावलं. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ला, कोश त्याआधीचा. कोश खोटं बोलत नव्हता, फक्त त्याचं घड्याळ थांबलेलं होतं.

एखादा विषय पुरेसा वेळ घेऊन, कसून करायचा असेल तर मी ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल, सुचवेन. १६ जानेवारी १९६७. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. नववीतल्या दोन मुलींनी हा विषय घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात भांडत आल्या. एकीकडे होतं की दोन पानांना ५४.२० टक्के मतं मिळाली, दुसरीकडे ५५.४८. “टीचर, खंयचें खरें?” कुठलं खरं?

मी सांगितलं नाही. टक्के बाजूला ठेवा आणि मूळ मतं शोधून आणा, एवढंच म्हटलं. त्यांनी आणली : दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. मग बेरीज करायला लावली. ३,१०,३६१. त्यावर टक्के काढले तर ५५.४८. मग ५४.२० कुठून आले? दोघी डोकं धरून बसल्या. तास संपला, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसल्या. एकीच्या लक्षात आलं की एका ठिकाणी ‘झालेलं एकूण मतदान ३,१७,६३३’ असं लिहिलेलं आहे. वजाबाकी केली : ७,२७२. ही मतं बाद ठरलेली. बाद मतं धरून भागलं तर साधारण ५४.२, सोडून भागलं तर ५५.४८. दोन्ही आकडे खरे, फक्त भागायची संख्या वेगळी. तो अर्धा तास मी एका शब्दानेही मध्ये पडले नाही, आणि खरं सांगते, गप्प बसणं हेच या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे. उत्तर आपल्या जिभेवर असतं आणि घंटा व्हायला पाच मिनिटं उरलेली असतात.

फरक ३४,०२१ मतांचा. पुढचा प्रश्न मी टाकला : याला ‘घसघशीत बहुमत’ म्हणाल की ‘थोडक्यात निसटलं’? दोन्ही शब्द त्यांना वाचायला मिळाले होते. कोण कुठला शब्द वापरतो ते पाहून लिहिणाऱ्याचा कल ओळखायचा. यासाठी त्या काळची वर्तमानपत्रं उत्तम. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, ‘राष्ट्रमत’ विरोधातला, आणि दोन्ही मराठी दैनिकं. वेगळ्या गोव्याची बाजू मराठीतून लढवणारं दैनिक होतं, हे कळल्यावर मुलांच्या डोक्यातलं ‘मराठी म्हणजे फूल, कोकणी म्हणजे पानं’ हे सोपं समीकरण आपसूक मोडतं.

हा विषय घरात हळवा आहे, हे ध्यानात ठेवा. आमच्या तालुक्याचा कल फुलाकडे होता आणि अजून काही घरांत त्यावर आवाज चढतात. मुलांना आजोबांकडे पाठवताना मी तीनच प्रश्न देते. तुम्ही तेव्हा कुठे होतात? हे स्वतः पाहिलंत की कोणाकडून ऐकलंत? आणखी कोणाला विचारू? वाद घालायचा नाही, दुरुस्ती करायची नाही, सांगितलं तसं लिहून घ्यायचं. हिशेब घरी येऊन करायचा. एका मुलाच्या आजोबांनी ‘मी फुलाला मत दिलं’ म्हणून छान रंगवून सांगितलं होतं. आजोबांचा जन्म १९५२चा. मुलाने वजाबाकी केली, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं हेही शोधलं आणि बिचारा चिंतेत पडला, आता आजोबांना खोटं कसं ठरवायचं? मी म्हटलं, ठरवू नकोस, परत जाऊन विचार, केंद्रावर कोणाबरोबर गेला होतात? वडिलांचं बोट धरून गेले होते. चौदा वर्षांच्या पोराच्या आठवणीत वडिलांचं मत त्याचंच होऊन गेलं होतं. वहीत दोन्ही गोष्टी आल्या.

मुलांना वर्षातून एकदा तरी मूळ वस्तूसमोर उभं करा. आम्हाला जवळ नार्वे गाव. सप्तकोटेश्वराच्या देवळावरचा शिलालेख देवनागरीत आहे, भाषा संस्कृत, पण मुलं अक्षरं लावत लावत वाचतात. शके १५९० वाचलं की त्यात ७८ मिळवायचे : १६६८. ‘शिवाजी महाराजांनी १६६८ साली हे देऊळ बांधलं’ असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं आणि मुलांनी तेच वहीत उतरवून आणलेलं असतं. मी म्हणते, दगडावर शेवटचा शब्द कुठला आहे तो वाचा. ‘प्रारंभः’. एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे तेव्हा सुरू झालं. संपलं कधी?” त्याबद्दल दगड गप्प आहे. परतीच्या बसमध्ये निम्म्या मुलांनी ‘बांधलं’ खोडून ‘बांधायला घेतलं’ केलं.

दुसरी सहल पणजीची, तिथल्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीची. ती १८३२पासूनची, हे ऐकून मुलांना लायब्ररी म्हणजे पडकी इमारत असेल असं वाटतं, आणि मग काचेची नवी इमारत पाहून ती बिचकतात. मुख्याध्यापकांचं पत्र आधी पाठवा, एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुलं नेऊ नका, आणि ‘काहीतरी बघू’ म्हणून मुळीच नेऊ नका. प्रत्येकाच्या हातात एक तारीख किंवा एक नाव हवं. तारीख हातात असलेलं मूल जुन्या वर्तमानपत्रापाशी तासभर शांत बसतं. नसलेलं लिफ्टमध्ये वरखाली करतं.

व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड हा सरावासाठी फुकटचा माल आहे. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ म्हणणारं एक परिपत्रक फिरत होतं. मी स्वतःच ते न तपासता शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं आणि नंतर तोंड लपवायची वेळ आली. आता तेच परिपत्रक दरवर्षी वर्गात वाटते. चूक शोधायला मुलांना दोन मिनिटंही लागत नाहीत : तारीख एक, वार भलताच. फोटो असेल तर गूगल लेन्स. ‘आजची दरड’ म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्याच राज्यातला निघाला की वर्गाला जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

चॅटबॉटचा नियम मी एका ओळीत ठेवलाय : प्रश्न सुचवायला आणि शब्द सुचवायला चालेल, दुसऱ्या रकान्यात चालणार नाही. कारण तिसरा रकाना त्याला भरता येत नाही. नियम पटवायला एकदा वर्गासमोरच त्याच्याकडून गोव्याच्या इतिहासावरची पुस्तकं मागवली. नावं भारदस्त, प्रकाशन वर्षंही दिलेली. मग मुलांनी एकेक नाव ग्रंथालयांच्या सूचींत शोधलं, आणि काही पुस्तकं कोणी कधी लिहिलेलीच नव्हती. त्यानंतर मला भाषण करावं लागलं नाही.

गुणांचं वाटप आधीच भिंतीवर लावा, नाहीतर मुलं टिकल्या चिकटवण्यातच रात्र घालवतील. माझे वीस गुण असे : प्रश्नाला चार, शब्दांच्या चिठ्ठीला दोन, तीन रकान्यांना आठ, दोन सांगणाऱ्यांचं जमत नसेल तिथे काय केलंस त्याला चार, मांडणीला दोन. सजावटीला शून्य. पहिल्या वर्षी यावरून तीन पालक भेटायला आले होते.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाचा प्रश्न होता : आमच्या वाड्यावर वीज कुठल्या वर्षी आली? आजी म्हणाली, धाकट्या काकाच्या मुंजीच्या आधी. शेजारचे म्हणाले, मुंजीनंतर, कारण मुंजीत पेट्रोमॅक्स होती. पंचायतीत विचारलं, जुनी बिलं पाहिली, मुंजीचा फोटो मिळवला, पण त्यावर तारीख नव्हती. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने लिहिलं, ‘सापडलं नाही’, आणि खाली जिथे जिथे शोधलं त्या अकरा जागा. मी अठरा गुण दिले. आता तो नववीत आहे. शुक्रवारच्या तासाला दारातूनच विचारतो, “टीचर, पणजेक कोण वता काय?” पणजीला कोणी जातंय का? मुंजीची आमंत्रणपत्रिका कुणाकडे तरी असणार, असं त्याला वाटतं.